ऑक्सिजनवरचा मुलगा

३ फेब्रुवारी
डाव्या डोळ्यामागे पुन्हा सुरू झालं. तापलेली सळई घातल्यासारखं. आडवं पडवत नाही, खोलीतच येरझाऱ्या घालतो. आई म्हणते, दिवसभर तांब्याची भांडी ठोकतोस, डोकं दुखणारच. पण ठोक्यांनी एकच डोळा कसा गळेल? डोक्यात गाठ असणार.
रविवारी दीपालीला बघायला जायचं आहे. जगलो तर.

४ फेब्रुवारी
दुखणं असह्य झालं. आईने रिक्षात घालून इमर्जन्सीत नेलं. डॉ. सुनीतींनी तपासलं, बरंच विचारलं आणि ऑक्सिजनचा मास्क मागवला. कोरोनात आमच्या आळीत ज्याला ऑक्सिजन लागला, तो घरी आला नाही.
"डॉक्टर, खरं सांगा. किती दिवस?"
"अहो, ऑक्सिजन इथे सगळेच घेतायत. तुम्हाला जरा जास्त वाढलाय, इतकंच."
पाव तासात दुखणं गेलं! स्कॅन साफ. डोकेदुखीचाच प्रकार — क्लस्टर म्हणतात. काही आठवडे छळते, मग दडी मारते.
बाहेर आईने तोवर मामांना फोन केला होता : "पोराला ऑक्सिजन लावला हो." स्थळ मामांनीच आणलेलं.

८ फेब्रुवारी, रविवार
कात्रजला गेलो. दीपालीचे वडील घरातही काळा चष्मा लावून. "डोळ्यात कचरा गेलाय." मग थेट मुद्दा : "ऑक्सिजनवरच्या मुलाला मुलगी कशी द्यायची?"
मी डॉक्टरांचा कागद दाखवला. सगळं समजावलं.
"डोकं आमचंही दुखतं. आम्ही बाम लावतो. सिलिंडर नाही."
"आणि त्या दुखण्यापायी दोन दाढा काढून घेतल्या, ते?" दीपाली म्हणाली. त्यांनी चष्म्याआडून तिच्याकडे पाहिलं असावं.
निघताना तिने माझा नंबर घेतला. "श्वास चालू आहे ना, विचारायला लागेल."

१० फेब्रुवारी
मामांकडे नकार आला. दिवसभर हातोडा चुकत होता. एक घागर वाकडी झाली.

११ फेब्रुवारी
श्वास चालू आहे. कुणी विचारलं नाही.

१३ फेब्रुवारी
दीपालीचा फोन. "बाबा डोळा धरून घरभर फिरतायत, बसतच नाहीत. तो मास्क कुठे मिळतो?"
पत्ता सांगितला आणि मीही धावत गेलो. डॉ. सुनीतींनी त्यांना तपासलं, मास्क लावला. मी भिंतीशी उभा.
पाव तासाने तिच्या बाबांनी मास्क जरा बाजूला करून माझ्याकडे पाहिलं.
"रविवारी घरी असता का तुम्ही?"