जन्मगावाची परीक्षा

३ ऑक्टोबर
त्या बाईने आज मला नकाशापुढे उभं केलं. भर वर्गात. "राइसा, दाउगावा नदीबद्दल सांगा." आम्हा रशियनांच्या रीतीने पुढे बापाचं नाव नाही, काही नाही — नुसतं राइसा! साठी उलटलेल्या बाईला हाक मारायची ही रीत?

म्हटलं, माझ्या स्वयंपाकघरातून दिसते. आणखी काय सांगू?

"लाट्वियनमध्ये सांगा," म्हणाली.

विझ्मा तिचं नाव, आमची लाट्वियनची शिक्षिका. माझी मुलगी शोभेल एवढी. मी या दाउगाव्पिल्समध्ये जन्मले, इथेच लग्न झालं, आईला इथेच पुरलं — आणि ही मला लाट्वियाची ओळख करून देणार.

४ ऑक्टोबर
नवऱ्याला मजा वाटते. "काय गं, पोपट बोलला का आज?" काही वर्षांपूर्वी आम्ही रशियन पासपोर्ट घेतले, पेन्शन लवकर मिळेल म्हणून — ही अक्कल पावेलचीच. आता नवा कायदा आलाय. रशियन पासपोर्टवाल्यांनी लाट्वियनची परीक्षा द्या, नाहीतर देश सोडा. तो देणार नाही म्हणतो. "या वयात त्यांच्यापुढे नाक घासू?"

मी घासतेय, ते चालतं.

१९ ऑक्टोबर
आज अर्थव्यवस्था. लाकूड, दूध, बंदरं. मी विचारलं, आणि आमचा धाग्याचा कारखाना? तरुणपण गेलं माझं तिथे.

"तो बंद झाला. पुस्तकात नाही."

"बंद कोणी केला, ते आहे का पुस्तकात?"

"वाक्यात चूक आहे, राइसा. पुन्हा म्हणा."

पुन्हा म्हटलं. बरोबर म्हटलं. तिने मान डोलावली आणि पान उलटलं. थोबाडीत द्यावीशी वाटली.

२ नोव्हेंबर
विभक्ती. डोकं ठणकतंय.

९ नोव्हेंबर
इतिहासाचा तास. मी म्हणाले, युद्ध संपलं आणि आपण मुक्त झालो. सोव्हिएत काळात शाळेत हेच शिकले होते. विझ्माने खडू खाली ठेवला.

"माझ्या आजीला सोव्हिएत शिपायांनी गुरांच्या रेल्वेडब्यात कोंबून सायबेरियात नेलं. मांडीवर तान्हं मूल होतं. ते वाटेतच गेलं. मुक्त कोण झालं?"

"माझ्या आईने कोणाला डब्यात घातलं नाही. ती पोरकी होती. रशियातून विटा वाहायला आणलं तिला इथे."

"मी तुमच्या आईला काही म्हटलं नाही."

"तुमचे डोळे म्हणतात."

"जमत नसेल तर येऊ नका. मग नापास झालात तर मला बोल लावायचा नाही."

नंतर ट्रामच्या थांब्यावर आम्ही दोघीच. बर्फ भुरभुरत होता. ती तोंड फिरवून उभी, मीही. ट्राम दिसल्यावर म्हणाली, "पोरकीसाठीचा लाट्वियन शब्द तुम्ही बरोबर वापरलात. मी तो शिकवलेला नाही."

मी मागच्या डब्यात चढले.

१० नोव्हेंबर
पावेल म्हणतो, "अपमान झाला ना? सोड आता." सोडते कशाला? तिला वाटेल मी घाबरले.

२१ डिसेंबर
वर्गात सणाचं जेवण. करडे वाटाणे आणि खारवलेलं डुकराचं मांस. विझ्मा म्हणाली, "हे आमचं पारंपरिक." मी म्हटलं, माझी आईही करायची, याहून चांगलं. ती म्हणाली, "मग पुढच्या वेळी तुम्हीच करून आणा." खोचकपणे म्हणाली. मुळीच नेणार नाही.

२६ जानेवारी
परीक्षा दिली.

२० फेब्रुवारी
पास. विझ्माने अभिनंदनाला हात पुढे केला. मी कोरडं "धन्यवाद" म्हटलं आणि निघाले.

घरी पावेलला देश सोडायची नोटीस आलेली. त्याने वाचलीही नाही. रशियातल्या भावाला फोन लावला — "आम्ही दोघं येतो." मला विचारलं नाही. वर हसून म्हणाला, "झाली ना हौस? आता विसर ती भाषा."

भांडी घासताना एक बशी फोडली. मुद्दाम.

१४ मार्च
सीमेकडे जाणारी बस गेली. पावेल बसमध्ये, माझी बॅगही बसमध्ये — त्याने आधीच चढवली होती. मी खालीच उभी राहिले. "राइसा, चढ. कोणासाठी राहतेस इथे?" खिडकीतून विचारत होता. बस वळली तेव्हा मी घराकडे चालायला लागले होते.