काचेवरचा कागद

मावशी, उद्या सकाळी फ्रीमाँटच्या लायब्ररीत आमच्या मुलींचे आईबाप जमणार आहेत, आणि सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच आहे: मुली जिथे रिबन आणि हूप घेऊन करायचं रिदमिक जिम्नॅस्टिक्स शिकतात त्या जिमचं दार बंद असतं, दाराच्या काचेवर कागद चिकटवलेला असतो, आणि आत काय चालतं ते बाहेर गाडीत बसलेल्यांना कधी कळत नाही. गेल्या आठवड्यात माझी मुलगी लंगडत बाहेर आली. "कोचने गुडघा दाबला," एवढंच बोलली. मराठी मंडळाच्या व्यासपीठावर असो की स्कूल बोर्डापुढे, माझा आवाज कधी अडखळला नाही, म्हणून उद्या बोलायचं मीच. पण आजची कोच तुमच्याच हाताखाली माझ्याबरोबर शिकलेली, आणि त्या काचेवर पहिला कागद लावलात तुम्ही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी भाषण लिहायला बसले की समोर तुम्हीच येता.

मी तुमच्याकडे शिकत होते तेव्हाचं आमच्या सनीव्हेलच्या अपार्टमेंटमधलं स्वयंपाकघर. उद्या स्पर्धा आहे, आई पोहे परततेय आणि तुम्ही टेबलावर साऱ्या मुलींच्या रिबनी इस्त्री करताय. चुरगळलेली रिबन हवेत नीट वळत नाही, म्हणून हे काम तुम्ही दुसऱ्या कुणाला देत नाही. आई मला म्हणते, "विचार गं त्यांना, दार बंद का करतात?" मी तुम्हाला इंग्रजीत विचारते. तुम्ही मान वर न करता म्हणता, "तुझी आई ऑफिसात काम करते तेव्हा तिची आई मागे उभी असते का?" आई पुटपुटते, "असती तर निदान डबा तरी वेळेवर खाल्ला असता." मी तेही सांगते. तुम्ही इतक्या हसता की इस्त्री जागच्या जागी राहते आणि रिबन करपते. ती करपलेली रिबन तुम्ही मला देऊन टाकलीत. त्या दिवसापासून मी मावशी म्हणू लागले. "आमच्या कोरियातही आईच्या मैत्रिणीला मावशीच म्हणतात," तुम्ही म्हणालात, "पण जिममध्ये कोच."

जिममध्ये तुम्ही खरंच दुसऱ्याच कुणी असायचात. "रिबन जमिनीला लागली! झाडू मारतेस का?" पाय ताणून बसलं की तुमचा तळहात गुडघ्यावर यायचा, आणि मी रडले तरी उचलला जायचा नाही. मग परतताना आईच्या गाडीत तुम्ही पुन्हा मावशी, आपल्या गोष्टी सांगणाऱ्या. सोलमध्ये तुमची आई रोज सरावाला भिंतीशी बसायची, तुमचा हात चुकला की तिचा चेहरा पडायचा. तुम्ही राष्ट्रीय संघात पोचलात, पुढे गुडघा गेला, नवऱ्याच्या नोकरीमागे कॅलिफोर्नियात आलात, टायरच्या दुकानामागे जिमसाठी हॉल घेतलात. "आईसमोर मी हूप कधी उंच फेकलंच नाही," तुम्ही म्हणालात. "चुकायला जागा लागते."

आता सांगा, मी कुणाविरुद्ध बोलू? ज्या कागदामागे मला चुकायला जागा मिळाली, त्याच्याच मागे मी कळवळत होते आणि माझी आई पलीकडे पार्किंगमध्ये स्वेटर विणत होती. तुमचा हात प्रेमाचा होता असं मी आयुष्यभर मानलं. माझ्या मुलीच्या गुडघ्यावरचा तोच हात मला जुलूम वाटतो. दोन्ही खरं कसं असेल? जगाला ठणकावून सांगणारी मी, मला हे ठरवता येत नाही.

काल मुलगी गाडीत म्हणाली, "आई, यू शुड फाइट देम. पण तू आत येऊन बसू नकोस हं, प्लीज."

हे पत्र करपलेल्या रिबनीबरोबर ठेवून देते. तुम्हाला म्हणून सांगते, काच उघडी झाल्यावर आत बघायची मला भीती वाटते: तिथे मला कोच दिसेल की मावशी? तरीही पत्राचं हे शेवटचं वाक्य उद्या भाषणात जाईल: आईबापहो, सभा संपली की घरी जाऊ नका, सरळ जिमवर चला आणि काचेवरचा तो कागद काढा.