पोटातला गोळा

तीर्थरूप आप्पा,
इथूनच वाकून नमस्कार.

सोमवारी नर्सच्या जागेसाठी मुलाखत आहे. तयारी झक्क चालली आहे, काळजी नसावी. समोर तिघं बसणार, म्हणून रूममेट खुर्च्यांवर उशा मांडून माझा सराव घेते. आईची कंबर कशी आहे?

बाकी उत्तरं घडाघडा येतात. एकाच प्रश्नाला माझी दातखीळ बसते: "पेशंट औषध घेत नसेल, तर त्याला कसं समजवाल?"

बीपीच्या गोळ्या तुम्ही कुंडीत पुरता, हे आईने सांगितलंय. तिच्यावर चिडू नका. फोनवर विचारलं की "घेतो गं" म्हणून मोकळे होता, म्हणून हे पत्र.

घरच्या माणसाला पटवता आलं नाही, ते त्या तिघांना कुठल्या तोंडाने सांगू? तुमच्या पोटात गोळी जाईल, तेव्हाच माझ्या पोटातला गोळा जाईल.

तुमची,
जिचं घरात कुणी ऐकत नाही ती नर्सबाई