अंगणातली कलती खुर्ची

खडकी, पुणे

ती. प्रेमलाताईंना सुशीलाचा सविनय जयभीम.

आपला गुडघा आता कसा आहे? नागपूरची थंडी त्याला सोसते ना? इकडे सगळे ठीक. सगळे म्हणजे मी आणि आपले धाकटे बंधू. फोनवर सांगायला घेतलं की तुम्ही मध्येच त्यांची साखर विचारता आणि माझं बोलणं राहून जातं, म्हणून कागद घेतला.

अंगणातला कडुनिंब गेल्या उन्हाळ्यात वादळात पडला, हे आपल्याला ठाऊकच आहे. त्याच सुमारास यांचं हृदयाचं ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी रोज चाला म्हणून बजावूनही यांनी उंबरा ओलांडला नाही. (बाहेर काय ठेवलंय, असं विचारत.) निंबाचं खोड सरपणाला द्यायचं माझ्या जिवावर आलं. वाटलं, याची खुर्ची करून अंगणात ठेवावी, म्हणजे हे तेवढे तरी बाहेर येतील. जन्मभर मी शाळेत भूगोल शिकवला. लाकडाशी माझा संबंध फळ्यापुरता. पण विजेची करवत भाड्याने आणली, मोबाईलवर एका दाढीवाल्या परदेशी माणसाला पाहून घेतलं आणि अंगणातच फळ्या पाडल्या. त्याच्या फळ्या वहीच्या पानांसारख्या निघत होत्या. माझी फळी एका टोकाला वीट, दुसऱ्या टोकाला पापड. मग त्या वाळायला पलंगाखाली रचल्या आणि पावसाळाभर आम्ही त्या कडू वासावर झोपलो. मला मात्र फार छान झोप लागे. स्वप्नात पानं सळसळत, आणि हे झाडाखाली उभे राहून मला काहीतरी वाचून दाखवत. (जागेपणी फक्त औषधांच्या बाटल्यांवरचं वाचून दाखवतात.)

थंडी पडल्यावर खुर्ची जोडली. मागचे पाय कापताना करवत घसरली, ते आखूड झाले. त्यामुळे बसणारा आपोआप मागे कलतो, गुडघे छातीशी येतात, नजर सरळ आभाळात जाते आणि काही केल्या उठता येत नाही. खिडकीतून पाहून यांनी विचारलं, ही खुर्ची आहे की घसरगुंडी. शेजारची भाग्यश्री बघू तरी म्हणून बसली, तर तिकडे तिचा कुकर शिट्ट्या देत राहिला आणि ही ढगांकडे बघत राहिली. ओढून काढल्यावर म्हणाली, लहानपणी गच्चीवर अशीच पडून राहायचे. मग रोज कोणी ना कोणी येऊन बसू लागलं. हे पडद्याआडून पाहत, आणि कोण किती वेळ बसलं याची तक्रार जेवताना माझ्याकडे करत.

एके दिवशी यांची विचारपूस करायला यांच्या कारखान्यातले जुने मित्र कचरूभाऊ आले. वाटेत खुर्ची लागली, आणि ते तिथेच घोरू लागले. आत चहा निवला. शेवटी हे चपला शोधून (माळ्यावर होत्या) तणतणत बाहेर आले.

"कचरू, ऊठ. माझ्या घरची आहे ती."

त्यांना उठवून आत पाठवलं, आणि हिच्यात असं आहे तरी काय म्हणून स्वतः बसले. मी दारात उभी. एक घार वर गोल फिरत होती, तिच्याबरोबर यांची मान फिरत होती.

"सुशीला," हे म्हणाले, "एवढं आभाळ होतं होय आपल्याकडे?"

मी आत जाऊन भांडी घासली. घासलेलीच होती. भिंतीवरचं ऊन उतरेपर्यंत हे उठले नाहीत.

घरच्या सर्वांना जयभीम. गुडघ्याला शेक देत जा.

आपली
सुशीला

ता. क. फळ्या उरल्या आहेत, तेव्हा टाचेपासून गुडघ्यापर्यंतचं आपलं माप कळवावं. किंवा महिनाभर राहायलाच या. यांना खुर्चीतून काढायला दोन माणसं लागतात आणि मी एकटी पडते.

आणखी एक ता. क. वरचं कारण खोटं आहे. हे आता झटक्यात उठतात, आणि आत्ता तर पायी बाजारात गेले आहेत, पालक आणायला. अडकले आहे ती मी. हे सगळं पत्र खुर्चीतूनच लिहिलं. हे आले की उठवतील. घाई काही नाही.