नागपूरपर्यंत पोचणारी तार

११ जाने., रवि.
आज गच्चीवर हॅम रेडिओच्या अँटेनाचा आकडा पुन्हा साडेतीन. दीडच्या खाली यायला हवं. हे मीटरकडे बघून म्हणाले, "म्हणजे आपण पाठवलेलं आपल्याच तोंडावर परत येतंय." तेच. अँटेना सुधारल्याशिवाय आवाज सदाशिव पेठेच्या बाहेर जायचा नाही.
सोसायटीचे सेक्रेटरी वर आले. "वहिनी, ही गच्ची आहे, आकाशवाणी नव्हे." मी म्हटलं, कपडे वाळत घालायची तार आहे. "मग कपडे कुठेत?" ह्यांनी खांद्यावरचा पंचा काढून तारेवर टाकला. सेक्रेटरी खाली गेले.
गच्चीतल्या लोखंडाने आकडा बिघडतो, हे नक्की. मोकळं रान हवं.

१३ जाने., मंगळ.
नागपूरला फोन. दादा दोनच शब्द बोलला, तेही लडबडले. लगेच वहिनीच्या हातात फोन. पक्षाघाताच्या झटक्यानंतर हे असंच. डोकं लख्ख आहे, सगळं कळतं, पण जीभ साथ देत नाही आणि त्याला लाज वाटते. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत ज्याचा आवाज जायचा, तो माणूस.
वहिनी म्हणाली, "काल रेडिओपुढे बसले होते. सेट बंदच. डाव्या हाताने नुसतं टकटक करत होते."
मोर्स, टकटकीची लिपी! मी शाळेत असताना त्यानेच शिकवला, जेवणाच्या ताटावर चमचा वाजवून. जिभेचं कामच नाही त्यात.
वहिनीला सांगितलं, रविवारी सकाळी दहाला चाळीस मीटरच्या बँडवर सेट लावून दे. नुसतं ऐकू दे. बोल म्हणू नकोस.

१८ जाने., रवि.
लोणी काळभोर. कमलच्या शेतात. (शाळेत आम्ही दोघी एकाच स्टाफरूममध्ये, ती भूगोल, मी विज्ञान.) कांद्याच्या बांधावर मासे धरायची घडीची काठी उभी केली, टोकाला तारेचा मध्य, दोन्ही बाजूंना दोन भुजा खाली ओढून बांधल्या.
कमलच्या सासूबाई आल्या. "मासं धरतीस व्हय गं? हितं विहिरीला तळ दिसाया लागलाय."
"नाही आजी, नागपूरला भावाशी बोलायचंय."
"मंग फोन न्हाय का त्याच्याकडं?"
मी मीटरकडे वळले.
आकडा अडीच. तार लांब पडतेय. कापायची नाही, टोकं दुमडायची, दोन्हीकडे सारखी. ह्यांनी आपली बाजू दुमडली आणि आकडा वाढला! "माझी बाजू बरोबर आहे." बत्तीस वर्षं हेच ऐकतेय. मोजली, तर वीतभर जास्त दुमडलेली. सारखी केल्यावर दोन. मग वारा आला की परत तीन, मनाला येईल तसं.
दहा वाजले, अकरा वाजले. त्यात विहिरीवरची मोटार चालू झाली, कानात नुसती घरघर. दादा तिकडे बसून असणार. हिरमोड. पण पिठलं-भाकरी आणि शेतातला ताजा कांदा. हे म्हणाले, पुढच्या वेळीही नाहीच जमलं तरी माझी हरकत नाही.

२२ जाने., गुरु.
सापडलं! केबल तारेला मिळते तिथे, चिकटपट्टीच्या आत, जोड सुटलेला. वाऱ्याने हलला की चिकटायचा, सुटायचा. स्वयंपाकघराच्या ओट्यावर सोल्डर केलं. घरभर वास. हे डोकावून, "आज भाजी जरा कडक दिसते." खिचडीवर भागवलं.

२५ जाने., रवि.
पुन्हा कमलचं शेत.
काठी उभी केली, टोकं बोटभर उलगडली. दोन... दीड... एक पॉइंट दोन! वारा आला तरी काटा जागचा हलेना. सासूबाईंनी आपणहून मोटार बंद केली. "कांदा काय पळून जात न्हाय. तुझं उरकून घे."
दहाला मोर्सची कळ दाबली. त्याची खूण, माझी खूण. मग ऐकत राहिले. खरखर. पुन्हा पाठवलं. खरखर. आणि त्या खरखरीतून, हळू, अडखळत, पण स्वच्छ,
डा-डी-डा. के, म्हणजे 'बोल'.
दादा!
पहिलं वाक्य काय, तर "तुझा के अजून लंगडा आहे." मी हसतेय, रडतेय, कागदावर अक्षरं पसरताहेत. मग "डावा हात. सावकाश घे." मग वहिनी भाजीत मीठ घालत नाही, व्यायाम शिकवायला येणारी मुलगी मिलिटरीतून पळून आल्यासारखी वागते, बाग सुकली. फोनवर दोन शब्दांत दमणारा माझा दादा तासभर बोलला! एकही अक्षर लडबडलं नाही.
संपल्यावर ह्यांना बांधावरच मिठी मारली. सासूबाई कमलला म्हणाल्या, "भाव भेटला वाटतं तिला."
दुपारी वहिनीचा फोन. "आज दोन पोळ्या जास्त खाल्ल्या."

१ फेब्रु., रवि.
एक पॉइंट दोन. पहिल्याच फटक्यात.
अर्धा तास मोर्स झाला. मग त्याने पाठवलं, "माइक लाव." मला वाटलं, वाचण्यात चूक झाली. परत विचारलं. "माइक."
लावला. आधी नुसती खरखर. मग आवाज. जाड, ओढलेला, पण त्याचा. "श... मे." शमे म्हणणारं आता दुसरं कोणी उरलेलं नाही. मी म्हटलं, बोल दादा, स्पष्ट येतोयस. त्याने परत सुरुवात केली, "मी...", आणि नेमका सिग्नल बुडाला. शेवट तेवढा वर आला. "...तो."
मी ऐकलं, "मी येतो." हे ठाम, "मी ऐकतो" म्हणाला. परत हाक मारली, मोर्सवर विचारलं, पण बँडच बसला, काही ऐकू येईना.
घरी आल्यावर वहिनीला फोन केला. तिने तिथल्या तिथे त्याला विचारलं. म्हणाली, "काही सांगत नाहीत. नुसते हसताहेत. आणि मघापासून कपाटावरच्या बॅगेकडे बोट दाखवताहेत, पण त्यात त्यांचे जुने रेडिओचे सुटे भागही असतात गं."
येतो की ऐकतो, यावर जेवताना आमचं भांडण. हे शेवटपर्यंत ऐकतोवर ठाम.
आत्ता बाल्कनीत गेले, तर पाहुण्यांची गादी उन्हात टाकलेली, आणि हे काठीने ती बडवताहेत.