खाडीवरच्या दाराचा अडसर

३ ऑक्टोबर
पोचले! विमान दगडगोट्यांवर असं आदळलं की जपमाळ हातातून सुटून पायलटच्या बुटाशी गेली. भाच्यानं, उकालिकनं, लहानपणी मी त्याला उचलायचे तसं मला उचलून खाली ठेवलं. तो या राखीव रानाचा राखणदार. मी हिवाळाभर स्वयंपाकाला. किती देखणी जागा! खाडीच्या कडेला बर्फाची पहिली साय धरलीय. टेकडीवरून कॅरिबू हरणांची रांग दक्षिणेकडे चाललीय. कोल्हे अजून अर्धे तपकिरी, अर्धे पांढरे, आम्ही मिशनच्या शाळेत अर्धवट विणून टाकायचो त्या मोज्यांसारखे. सिस्टर बर्थनी कान पिरगाळून पुरे करायला लावले असते.

६ ऑक्टोबर
दुपारी आडवं होताना शहरातल्या सवयीनं दाराला अडसर घातला. उकालिकचा कामातला जोडीदार, म्हातारा तुलुगाक, पाण्याच्या बादल्या घेऊन वाऱ्यात ताटकळला. "बाई, आत काय सोनं पुरलंय?" मग म्हणाला, अडसर फक्त वादळासाठी. एरवी नाही. अस्वल मागे लागलेल्या माणसाला कुठलंही दार ढकलून आत शिरता आलं पाहिजे. मी ओशाळले. जेवताना त्याला सीलच्या मांसाचा मोठा तुकडा वाढला. "रोज बाहेर ठेवत जा मला," म्हणाला.

९ ऑक्टोबर
किनाऱ्यावर पांढरं अस्वल. समुद्र गोठायची वाट बघत उपाशी. बरगड्या दिसत होत्या. जीव कळवळला. तुलुगाक म्हणाला, "तुमचा पाव टाका त्याला. दात तुटून पळेल."

११ ऑक्टोबर
तुलुगाक गेला. भरदुपारी, मांसाच्या साठ्यापाशी. अस्वलानं मानेला धरून त्याला ओल्या फडक्यासारखं आपटलं. डोक्याची कातडी कपाळापासून मागे सोलली गेली, तरी हात सुरी शोधत होते. मी खिडकीतून सगळं पाहिलं. उकालिकच्या गोळीनं अस्वलाचा जबडा फुटला, पण ते निसटलं. धुकं दाट आहे. विमान येणार नाही.

१२ ऑक्टोबर
उकालिक रक्ताच्या मागावर निघाला. मी रडले, अडवलं. म्हणाला, मी घायाळ केलेलं जनावर मीच संपवायचं, असं सोडता येत नाही. मी येईपर्यंत अडसर घालून बस. मी विचारलं, आणि तू पळत आलास तर? "तर 'नमो मरिये'ची प्रार्थना पुरी व्हायची वाट बघू नकोस, आत्या." हसला. भाऊ गेल्यावर हा एवढाच उरलाय मला.

दुपार
लांब एक गोळी. मग काही नाही.

अस्वल परत आलंय. घराभोवती फिरतंय. लहान खिडकी फोडून पंजा आत — माझा दंड हाडापर्यंत फाटला — उकळती चरबी त्याच्या तोंडावर ओतली —

आता बाहेर हालचाल नाही. रक्त थांबत नाही.

उकालिक! उतारावर — बंदूक नाही, एक पाय फरफटतोय — हाका मारतोय. अस्वल कुठंच दिसत नाही. त्यानं ढकलताच दार उघडलं पाहिजे —

अडसर काढला.

तो अजून तेलाच्या पिंपापाशीच आहे. हात हलवतोय. ओरडतोय — "अडसर घाल, आत्या, घाल" —

मग दार ढकलतंय हे कोण