दार दोन मीटरचं धरलं

रवि., ३ ऑगस्ट
चाकात माणसं बसली. ४२. पितळेची, प्रत्येकी साडेआठ मि.मी. गायकवाड काकांनी एकेक लेथवर काढून, भिंगाखाली कानशीनं घासलेली. चाळीस वर्षं टर्नर होते, तरी हे काम त्यांनाही जड गेलं. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, १९ ला ऑपरेशन. त्याआधी संपवायचंच होतं.
प्रत्येक माणूस कोणीतरी आहे. पहिल्या पाळीतले त्यांचे सोबती. फरहान, आमच्यातला तिसरा. काकू, बसलेल्या. ("ती सिनेमा बसूनच बघती.") मी खिडकीपाशी, हात मागे बांधून. "तू अशीच उभी ऱ्हाती."
काकू चहा ठेवताना: "घरातला नळ सहा महिने झाले गळतोय. आन् ह्यांनी आभाळात चाक बसवलं."
दोन वर्षांपूर्वी या वहीत लिहिलं होतं की एका पडलेल्या सिनेमातलं फिरतं, चाकासारखं अंतराळस्थानक मोजण्यात आणि त्याचा नमुना करण्यात तिघांनी रविवार घालवणं हा वेडेपणा आहे. ते मागे घेत नाही. एकही रविवार चुकवलेला नाही, हेही नोंदवते.

मंगळ., ५ ऑगस्ट
माझ्या जुन्या कॉलेजात ३० ला प्रदर्शन. चाक ठेवायला परवानगी मिळाली. पाटीचा मजकूर केला. स्थानकाची त्रिज्या ९० मी. नमुन्याचा व्यास ९० सें.मी. प्रमाण १:२००. बनावट: काका. मापन: मी.
आमची रीत साधी. आधी दार शोधायचं. दार दोन मीटर धरायचं, त्यावरून बाकी सगळं. त्रिज्या ९० निघाली. सिनेमात चाक १९ सेकंदांत एक फेरी घेतं. गणित केलं तर कडेवर बरोबर पृथ्वीइतकं वजन येतं. सिनेमातली मापं काढणाऱ्यांच्या ऑनलाइन गटात माझे ९० मी. आता कोणी तपासतही नाही.

शुक्र., ८ ऑगस्ट
फरहानने सिनेमाची स्वच्छ प्रत मिळवली. "इस में तो अंधेरे के भी डिटेल दिख रे, मॅडम." दुकानात चष्मे विकतो, म्हणून चांगल्या प्रतीचा हट्ट.
संध्याकाळी, वाळूजच्या कारखान्यातून आल्यावर, लावली. मिनिट ५२. जुन्या प्रतीत इथं नुसता काळोख होता. नायिका पिवळ्या पट्ट्याच्या दारातून येते. तेच दार, ज्यावरून मी मोजलं. मी बाहेरच्या दृश्यातलं रिकामं दार मोजलं होतं, त्यातून कोणी जाताना पाहिलं नव्हतं.
ती वाकून येते. पार कमरेत वाकून.
सात वेळा पाहिलं. दार १.२ मी. आहे. दुरुस्तीसाठीचं असणार. म्हणजे त्रिज्या ९० नाही, ५४. कडेवरचं वजन ०.६ पट.

शनि., ९ ऑगस्ट
गेल्या दिवाळीत काका म्हणाले होते, "त्यो पेला मेजावरून पडायला लई टाइम लागतोय गं." मी म्हणाले, "स्लो मोशन असतं काका. सिनेमा आहे." विषय संपला. विषय संपवणं मला चांगलं जमतं.
आज फ्रेम मोजल्या. मेज साधारण ७० सें.मी. पृथ्वीवर पेल्याला ९ फ्रेम लागतील. सिनेमात १२. मागच्या भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा मात्र बरोबर चोवीस फ्रेमांनी सरकतो. स्लो मोशन नाहीच. ०.६ ला १२ च फ्रेम येतात.
म्हणजे कुठेतरी कोणीतरी बसून हे गणित केलं होतं. पेला किती सावकाश पडेल, इथपर्यंत. सिनेमा पडला, कोणाच्या लक्षातही आलं नाही. काकांच्या आलं. एका डोळ्यानं.
चाकाचा आकार तसाच राहतो, फक्त प्रमाण बदलतं. १:१२०. माणसं १४ मि.मी.ची हवीत. म्हणजे ४२ च्या ४२ चूक.

रवि., १० ऑगस्ट
सांगणार होते.
काका लेथवर. ४३ वा माणूस. "चहावाला राहिला व्हता. चहावाल्याबिगर स्टेशन कसलं?" डोळा भिंगाला चिकटवून किटली घासत होते. किटली ज्वारीच्या दाण्याहून लहान. दोनदा चिमट्यातून सुटली, दोनदा फरशीवर हात फिरवून शोधली. दुसऱ्यांदा मी शोधून दिली.
चहा घेतला. घरी आले.

बुध., १३ ऑगस्ट
पर्याय: (अ) गप्प राहणं. स्वच्छ प्रत फरहानकडे आहे, पण तो मोजत नाही. कोणाला कळणार नाही. (ब) १९ नंतर सांगणं. आत्ता सांगितलं तर त्या डोळ्याने पुन्हा सुरू करतील. (क) आत्ता.
(ब) ला कारण चांगलं आहे. फार चांगलं आहे, म्हणून संशय येतो.

रवि., १७ ऑगस्ट
सांगितलं. लॅपटॉपवर दृश्य दाखवलं. दार, मग पेला.
काकांनी पेला पुन्हा एकदा लावायला सांगितला. "म्हंजी पेला सावकाशच पडत व्हता."
"हो."
"मी म्हणलो व्हतो."
"हो. माझं चुकलं, काका."
चेहरा उजळला. खरंच. फरहानला हाक मारून म्हणाले, "ऐकलं का रे? इंजिनेर बाई चुकल्या!" फरहान: "हौ, तारीख लिख के रखो काका." मला वाटलं, सुटले.
मग म्हणाले, "कधी कळलं तुला?"
"आठ तारखेला."
बोटांवर मोजलं. "दहाला तू हितं व्हती. मी चहावाला करत व्हतो."
"हो."
"किटली तूच हुडकून दिली."
मी लॅपटॉप मिटला.
"माप चुकलं तर टर्नरला राग नाय येत, पोरी. माप रोज चुकतं. पण माप चुकलंय हे म्हाईत आसून मशीन चालू ठिवलं, तर..." वाक्य सोडलं. चाकावर चादर टाकली. काकूंनी चहाचे कप तसेच आत नेले.
जिन्यात फरहान: "सिर्फ तेरे पे नै, खुद पे भी गुस्सा है उनको. छोड." तसं नाही. माझ्यावरच आहे, आणि बरोबर आहे.

मंगळ., १९ ऑगस्ट
ऑपरेशन नीट झालं. फरहानचा मेसेज. मी काकूंना फोन केला. "झोपलेत," म्हणाल्या.
ऑनलाइन गटावर लिहिलं: ९० चूक, ५४ बरोबर, चूक माझी. पेल्याचं निरीक्षण गायकवाड काकांचं, संभाजीनगर. चौदा जणांनी पेल्याबद्दल विचारलं.

गुरु., २१ ऑगस्ट
जेवणाच्या सुट्टीत आमच्या टूलरूममधला लेथ मागून घेतला. रोज डायचे, म्हणजे साच्यांचे, आराखडे मी काढते, स्क्रीनवर. हाताने कधीच काही कातलं नव्हतं. पितळेची सळई. पहिला माणूस तुटला. दुसरा डोक्यापाशी तुटला. तिसरा, चौथा. ऑपरेटर बाजूला उभा राहून हसत होता, मग हसायचा थांबला.

शुक्र., २२ ऑगस्ट
पाचवा उभा राहिला. १४.३ मि.मी. पकडीत धरून हळूच वाकवला. मान जाड आहे.

रवि., २४ ऑगस्ट
बोलावणं नव्हतं. गेले.
काका खुर्चीत, फरहानने दिलेला काळा चष्मा लावून. चाकावर चादर तशीच. मी खिशातून पाचवा काढून त्यांच्या तळहातावर ठेवला.
चष्मा वर केला. नव्या डोळ्याने पाहिलं, भिंगाशिवाय.
"हे कोण?"
"मी."
"वाकली का अशी?"
"दार १.२ चं आहे."
अंगठ्याने फिरवून फिरवून पाहिलं. "मान जाड झाली."
"हो."
"टूल बोथट व्हतं?"
"मला माहीत नाही."
"बोथटच व्हतं." शर्टाच्या खिशात टाकला. चादर काढली नाही. बाकीच्या ४३ बद्दल विचारायचं होतं, विचारलं नाही. त्यांनी रेडिओ लावला.
काकू आतून: "तिला चहा ठिवू का?"
काकांनी रेडिओचा आवाज कमी केला. 
"ठिव," म्हणाले.
३० ला सहा दिवस. पाटीवर प्रमाणाची जागा कोरी सोडली आहे.